सृष्टीची फवारणी वही

सृष्टीचे डोळे पिवळे झालेत, हे घरात सगळ्यांत आधी सावळीराम काकडांच्या लक्षात आलं. आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो लोहाच्या कमतरतेचा. द्राक्षाच्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला की लोह कमी, हे तीस वर्षांच्या बागेनं त्यांना शिकवलं होतं. सून म्हणजे वेल नव्हे हे त्यांना कळत होतं, नाही असं नाही. पण माणूस ज्यात मुरलेला असतो त्याच चष्म्यातून बघतो, त्याला तो तरी काय करणार?

सृष्टी सात महिने पुरे करून आठव्यात गेली होती. चार दिवस तळहात खाजतायत म्हणत होती, अन्नावर वासना नव्हती. शेखरनं बायकोला गाडीत घातलं आणि मखमलाबादहून थेट पंचवटीतल्या दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर सावळीराम बसले, कारण त्यांच्या बायकोला, साळूबाईंना, गाडी लागते.

डॉक्टर तेजस्विनी वयानं लहान, पण बोलायला ठाम. त्यांनी सृष्टीला दाखल करून घेतलं, दोन दिवस तपासण्या केल्या आणि मग बाप-लेकाला आत बोलावलं.

"काविळीचे सगळे विषाणू तपासले, एकही निघाला नाही. पित्ताशय ठीक, प्लेटलेट ठीक, बाळ ठीक. लिव्हरला मात्र मार बसलाय. एसजीपीटी चाळीसच्या आत पाहिजे, हिचं चारशे वीस आहे. माझा संशय औषधावर आहे."

"कुठल्या?" शेखरनं विचारलं.

"तेच तर मला कळायला हवं. मी दिलेली बीपीची गोळीसुद्धा कधीकधी असं करते, ती मी आजच बदलली. पण गेल्या तीन महिन्यांत हिच्या पोटात जे जे गेलं ते सगळं मला पाहिजे. काय, किती, कुठल्या तारखेपासून. कारण सापडलं नाही आणि आकडा चढत राहिला तर बाळ लवकर बाहेर काढावं लागेल. ते मला आत्ताच नकोय."

शेखर छताकडे बघायला लागला. त्याला स्वतःच्या लग्नाची तारीख मोबाइलमध्ये बघावी लागायची. सावळीरामांचा चेहरा मात्र उजळला. घरावर संकट आलं असताना चेहरा उजळणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी तो लगेच खाली घातला.

"लिहून आणू?" ते म्हणाले. "तारीखवार?"

"आणाल काका? फार बरं होईल."

तारीखवार लिहिणं हा सावळीरामांचा हातखंडा होता. त्यांची द्राक्षं हॉलंडला जात. तिकडे एखाद्या बाईनं बाजारातून अर्धा किलो द्राक्षं घेतली तरी त्या घडावर छाटणीपासून कुठल्या दिवशी काय मारलं, लिटरला किती मिली, कुठल्या रोगासाठी आणि काढणीआधी किती दिवस ते बंद केलं, हे मखमलाबादच्या एका जाड वहीत लिहिलेलं असे. वही तपासायला माणसं येत. एकदा एका तपासनीसानं "अशी वही मी जिल्ह्यात बघितली नाही" असं म्हटलं होतं. सावळीरामांनी ते वाक्य कुणाला सांगितलं नव्हतं, पण विसरलेही नव्हते.

परत येताना त्यांना एकाएकी फार लाज वाटली. हॉलंडच्या अनोळखी बाईसाठी एवढी वही, आणि आपल्या घरातल्या पहिल्या नातवंडासाठी चिठ्ठीचा तुकडा नाही!

घरी आल्या आल्या त्यांनी कोरी वही काढली आणि पट्टीनं रकाने आखले. तारीख. औषधाचं नाव. प्रमाण. कशासाठी. दिलं कोणी. सही. सवयीनं 'काढणीला शिल्लक दिवस' असाही रकाना आखला गेला. तो ते खोडणार होते, पण मग हिशेब करून तिथे 'छप्पन्न' लिहिलं. वर प्लॉटचं नाव लिहायची जागा असते, तिथे 'सृष्टी' लिहिलं. त्याखाली 'क्षेत्र' होतं. तिथे त्यांनी बराच विचार केला आणि जागा मोकळी सोडली.

मग शेडमध्ये क्रेट उपडे टाकून चौकशी बसली. पहिल्या साळूबाई.

"मी काय बी दिलं नाय," साळूबाई म्हणाल्या.

"कंबरेची गोळी?"

"ती काय औषध हे का? ती माझी हे."

"तुझी हे, पण तिला दिली ना?"

"पोरगी कळवळत होती, मग काय बघत बसू? चार दिल्या. नाय, सा. लिवा सा."

"कधी?"

"आता तारीख मला काय ठाऊक! सुरगाण्याच्या बाया कामाला आल्या होत्या, आपण घड बुडवत होतो औषधात, तवा."

"पहिल्यांदा बुडवले तेव्हा का दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा. मणी ज्वारीएवढा झाल्ता."

सावळीरामांनी द्राक्षाची जाड वही उघडली, बोट फिरवलं आणि नव्या वहीत लिहिलं : सव्वीस नोव्हेंबर. साळूबाईंनी वाकून वहीत बघितलं. आपल्या कंबरेच्या गोळीची तारीख मण्याच्या जाडीवरून निघते, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कळलं.

शेखरचंही तसंच झालं. त्यानं जिममधल्या मित्राकडून प्रोटीनचा डबा आणला होता. "आबा, ते औषध नाही, सप्लिमेंट आहे," तो म्हणाला. कधी सुरू केलं ते आठवेना. पण त्या दिवशी फवारणीच्या ब्लोअरचा पट्टा तुटला होता, हे आठवलं. पट्टा तुटल्याची नोंद होती : अकरा डिसेंबर. "आणि ॲसिडिटीचं गुलाबी औषध," शेखरनं हळूच भर घातली, "वेलींवर भुरी रोगाची फवारणी चालली होती तेव्हा. मलाही वासानं मळमळत होतं, म्हणून दोघांनी घेतलं."

"भुरीची कुठली? चार फवारण्या झाल्यात."

"आबा, मी बायकोला औषध दिलं, भुरीला नाही!"

दुसऱ्या दिवशी सृष्टीची आई, ललिताबाई, येवल्याहून एसटीनं आल्या. त्यांना वहीचं फोनवर कळलं होतं. त्या दवाखान्यात लेकीला डोळे भरून बघून थेट मखमलाबादला आल्या, क्रेटवर बसल्या आणि पिशवीतून डबी काढून समोर ठेवली.

"ही घ्या. डोहाळजेवणाला ओटीत नारळाखाली घातली होती. गर्भ पोसायचं चूर्ण आहे. माझ्या तिन्ही बाळंतपणांत मी घेतलंय."

"ओटीत औषध घालतं का कुणी?" साळूबाई म्हणाल्या. "आमच्याकडं तांदूळ घालत्यात."

"आमच्याकडं सासूनं सुनेला कंबरेच्या गोळ्या वाटायची पद्धत नाही, विहीणबाई."

"सही करा," सावळीराम घाईघाईनं म्हणाले.

दोन दिवसांत बारा नोंदी झाल्या. खोकल्याचं औषध, हाडं भरायची गोळी, शेजारणीनं दिलेलं मलम. प्रत्येकापुढे तारीख, प्रत्येकापुढे सही. एवढी झडती चालली होती आणि तिकडे चुलीवर रोजच्यासारखा गुळवेलीचा काढा उकळत होता. बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली ती वेल. पहाटे उठून सावळीराम स्वतः तिचे बोटभर तुकडे तोडत, ठेचत, उकळत आणि गाळून सुनेला देत. द्राक्ष फुलोऱ्यात होतं तेव्हापासून एक दिवस खाडा नव्हता.

ती नोंद वहीत नव्हती. लपवायची म्हणून नव्हे. सावळीरामांच्या डोक्यात तो विचार शिरलाच नाही. द्राक्षाच्या वहीत काय लिहायचं? तर दुकानातून येतं ते, ज्याच्या बाटलीला झाकण असतं ते. घरी केलेली शेणाची स्लरी, दहा पाल्यांचा अर्क, आंबट ताक, हे ते बागेला वर्षभर देत आणि कधी लिहीत नसत. ते घरचं. घरच्याचा अंश उरत नाही, त्यामुळे त्याला तपासनीसही विचारत नाही. गुळवेल तर बांधावरचीच. तिला लिहायचं म्हणजे विहिरीच्या पाण्याला लिहिण्यासारखं.

डॉक्टर तेजस्विनींनी वही उघडली आणि रकान्यांवरून बोट फिरवलं. "काका, हे फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. मग, "काढणीला शिल्लक छप्पन्न?"

"सवय," सावळीराम पुटपुटले.

डॉक्टरांनी बारा नोंदींपैकी पाचांना लाल खूण केली, सर्वांत जाड खूण ललिताबाईंच्या चूर्णाला. "आता हे सगळं बंद. मी लिहून देते तेवढंच. बाहेरचं काही म्हणजे काहीही द्यायचं नाही. दारात एक माणूस बसवा."

माणूस कोण, याबद्दल दुमत नव्हतं. वहीत ज्याच्या नावावर एकही नोंद नाही असा घरात एकच होता.

सावळीरामांनी पहारा मनापासून केला. रोज सकाळी सातला ते दवाखान्यातल्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसत आणि येणाऱ्याची पिशवी उघडून बघत. शेखरच्या मावशीचे लाडू परत गेले. व्याह्यांकडून आलेला अंगारासुद्धा त्यांनी "हा पोटात घ्यायचा का कपाळाला?" असं विचारून, कपाळाला म्हटल्यावर चिमूटभरच आत सोडला. ललिताबाईंना तर ते हात पुसायला लावत. बिचाऱ्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायच्या. माझ्या हातानं लेकीचं वाटोळं झालं म्हणून त्यांनी जेवण टाकलं होतं, आणि साळूबाईही त्यांना फार आग्रह करत नव्हत्या.

आणि सगळे बाहेर गेले की सावळीराम थर्मास उघडत.

"घे बाळ. हे घरचं हे. बाकीच्या औषधांनी जे केलं ते धुऊन काढंल."

सृष्टी डोळे मिटून ग्लास रिकामा करायची. नर्सना वाटायचं, म्हातारा सुनेला चहा आणतो.

तिसऱ्या दिवशी आकडा सहाशे दहा आला. सावळीरामांनी अर्ध्या ग्लासाचा पाऊण केला. सहाव्या दिवशी आठशे नव्वद. त्यांनी ग्लास पूर्ण केला. भुरी हटत नसेल तर मात्रा वाढवायची, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

मग पहिल्या काढणीची गाडी लागली. तीन दिवस सावळीरामांना बागेतून हलता आलं नाही; पहाऱ्यावर शेखर आणि दोन्ही विहिणी एकमेकींवर नजर ठेवून बसल्या. चौथ्या दिवशी ते थर्मास घेऊन परत आले. पण दोनच दिवसांनी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"एक हजार चाळीस. मध्ये एकदा उतरलं होतं, मला बरं वाटलं, पण पुन्हा चढलं. आता मी थांबू शकत नाही. बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शन आज सुरू करते, परवा सिझर. बाळ दीड किलोचं असेल. काचेत ठेवावं लागेल."

ललिताबाईंनी पदर तोंडात कोंबला. साळूबाईंनी, का कुणास ठाऊक, त्यांचा हात धरला.

सावळीराम स्टुलावर येऊन बसले. हातात करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी वही उघडली आणि शेवटच्या पानावर आकडे मांडले. काढणीआधी मण्यातली साखर रोज मोजून ते अशाच टिंबांनी मांडत. चारशे वीस, सहाशे दहा, आठशे नव्वद. मग सातशे साठ. मग एक हजार चाळीस. टिंबं जोडली. रेघ चढत गेली, एका ठिकाणी वाकली, पुन्हा चढली.

ती वाकलेली जागा त्यांना खुपायला लागली. नवं औषध बागेत मारताना ते वेलींची एक ओळ नेहमी कोरी सोडत. औषधाचा गुण का अवगुण, ते त्या कोऱ्या ओळीवरून कळतं. इथे तीन दिवस कोरे सुटले होते. मग त्या तीन दिवसांत काय नव्हतं?

शेखर होता. साळू होती. विहीणबाई होत्या. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, सलाईन होतं, जेवणाचा डबा होता. सावळीरामांनी पुन्हा एकेक नाव मोजलं. मग त्यांनी खोलीतली साफसफाई करणारी बाई बदलली होती का, ते नर्सला जाऊन विचारलं. नव्हती. पाण्याचा जार बदलला होता का? नव्हता. पडदे धुतले होते का? नर्स म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा चहा घ्या."

ते स्टुलावर परत आले. स्टुलाखाली थर्मास होता.

किती वेळ ते त्याच्याकडे बघत होते कोण जाणे. पहिल्यांदा त्यांनी त्याला पायानं थोडं मागे सारलं. मग त्यांच्या मनात आलं, की उद्यापासून नाही आणला म्हणजे झालं. कुणाला कळणार? आकडा उतरेल, देवाची कृपा म्हणतील, लाल खूण चूर्णावर आहेच. व्हरांड्यात ललिताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यापुढे साळूबाईंनी ठेवलेलं केळं तसंच होतं. तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन सृष्टीच्या खोलीकडे निघाली. ट्रेमध्ये इंजेक्शन होतं.

न सांगून भागणार नव्हतं. गप्प बसलं तर आकडा उतरेपर्यंत बाळ काचेत गेलेलं असणार.

सावळीराम थर्मास छातीशी धरून डॉक्टरांच्या खोलीत घुसले. आत एक दुसरीच बाई तपासायला झोपलेली होती, ती किंचाळली. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि भिंतीलाच म्हणाले, "मॅडम, एक नोंद राहिली."

डॉक्टरांनी थर्मासचं झाकण उघडून वास घेतला.

"हे काय आहे?"

"गुळवेल."

"किती देत होता?"

"घरी अर्धा ग्लास. इथं आल्यावर पाऊण. मग पूर्ण."

"वाढवलंत?"

"फरक पडंना, म्हणून."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. "काका, बऱ्याच जणांना ही काही करत नाही. पण काहींच्या लिव्हरला नाही सोसत. आणि कधी तिच्यासारखी दिसणारी भलतीच वेल निघते. मी तुम्हाला विचारलं होतं ना, जे जे पोटात गेलं ते?"

"तुम्ही औषध म्हणालात असं डोक्यात बसलं," सावळीराम म्हणाले. "हे घरचं होतं."

डॉक्टरांनी थर्मास स्वतःकडे ठेवून घेतला. इंजेक्शन त्यांनी सावधगिरी म्हणून दिलंच, पण सिझर तीन दिवस पुढे ढकललं. उतार पडला तर थांबू, म्हणाल्या.

घरच्यांना सांगणं त्याहून अवघड होतं. व्हरांड्यात सगळे जमले. सावळीरामांनी वही उघडली आणि उभ्यानंच तेरावी नोंद लिहिली, मोठ्यानं वाचत : "सतरा नोव्हेंबरपासून. गुळवेलीचा काढा. कशासाठी, ताकद यावी म्हणून. दिलं कोणी..." इथे पेन थांबलं. "सावळीराम पुंजा काकड."

"गुळवेल?" साळूबाईंना पटेना. "अहो, ती काय औषध हे का?"

"तुझ्या कंबरेच्या गोळीएवढं हे."

"चाळीस वर्षं मला सांगताय, लेबल वाचल्याबिगर बाटली उघडू नको म्हणून! आन् तुम्ही आख्खी वेल उकळली?"

शेखर उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. ते सावळीरामांना सगळ्यांत जास्त लागलं.

ललिताबाई हळूहळू उठल्या. इतके दिवस न जेवलेल्या बाईनं उठावं तशाच. त्या जवळ आल्या आणि वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "दादा, सही राहिली."

सावळीरामांनी सही केली. ती त्यांच्या सहीसारखी आलीच नाही. ललिताबाईंनी ती नीट बघितली, तपासनीस बघतात तशी. मग त्या बाकावर बसल्या, केळं सोललं आणि खाल्लं. "अजून आहे का हो, विहीणबाई?" त्यांनी विचारलं.

तीन दिवसांनी आकडा आठशे वीस आला. सिझर आठवडाभर पुढे गेलं. मग पाचशे चाळीस. डॉक्टर म्हणाल्या, लिव्हर सावरायला अजून कितीतरी आठवडे जातील, बाळंतपणापर्यंत दर तीन दिवसांनी रक्त तपासायचं, पण बाळ आत वाढतंय, आणि सध्या त्याच्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

सावळीरामांचा पहारा अर्थातच काढून घेतला होता. स्टुलावर आता ललिताबाई बसत आणि सावळीरामांचीच पिशवी उघडून बघत. एक दिवस मात्र त्यांनी, कसं काय कोण जाणे, व्याह्यांना पिशवीसकट आत सोडलं.

सृष्टी उशीला टेकून बसली होती. डोळ्यांतला पिवळेपणा पुष्कळ ओसरला होता. सावळीराम दाराशीच उभे राहिले.

"तू डॉक्टरांना का नाय सांगितलं, बाळ?"

"मला वाटलं वहीत असेलच," सृष्टी म्हणाली. "तुम्ही सगळंच लिहिता ना आबा." मग ती म्हणाली, "फार कडू होता हो."

"मग प्यायची कशाला?"

"तुम्ही पहाटे उठून करायचात. नाही कसं म्हणणार?"

तीन महिने रोज तो काढा, आणि या पोरीनं तोंडसुद्धा वाकडं केलं नव्हतं. सावळीरामांनी पिशवीतून शहाळं काढलं. डॉक्टरांना आधी विचारून, चिठ्ठीवर लिहून घेऊन आणलेलं होतं. चिठ्ठी त्यांनी शहाळ्याच्या वर धरली.

"हे चालतं म्हणाल्यात. घेतेस?"

सृष्टीनं शहाळ्याकडे बघितलं. मग सासऱ्यांकडे.

"नको," ती म्हणाली.

"थोडं?"

"नको म्हटलं ना, आबा."

सावळीरामांनी बगलेतली वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं : शहाळं. दिलं नाही. कशासाठी, या रकान्यात लिहिलं : नको म्हणाली. वही आणि पेन त्यांनी पलंगावर तिच्यापुढे ठेवलं.

"कर सही."

"सहीपण नको," सृष्टी म्हणाली आणि कूस वळवून भिंतीकडे तोंड करून झोपली.

सावळीराम शहाळं घेऊन व्हरांड्यात आले आणि ललिताबाईंच्या शेजारी बसून त्यांनी ते एकट्यानं संपवलं.